घरात ‘रेंज’ का येत नाही?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल, की हे काम एखाद्या इंजिनियरचं. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस इथं कशाला आला? शंका रास्त आहे. पण या विषयात मी शिरलो तो विजेच्या वाटेनं नव्हे, शब्दांच्या वाटेनं. आणि तोही हौसेनं नव्हे, नाइलाजानं.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेत आहे. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, दोन हात रुंद काळ्या दगडाच्या भिंतींचा. मागचा भाग आम्ही अलीकडं पाडून सिमेंट-काँक्रीटचा केला. या दोहोंच्या मध्ये एक खोली आहे. उन्हाळ्यात ती गार राहते म्हणून माझे वडील तिथं झोपतात. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, आम्ही सगळे पन्हाळ्याच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. वडील घरी एकटेच होते. ते त्या खोलीत पाय घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शुद्ध होती, फोन खिशात होता. त्यांनी मला सात वेळा फोन लावला. एकदाही लागला नाही. पाऊण तासानं शेजारच्या वहिनी डबा परत द्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या कानावर हाक गेली.

पुढं वडील बरे झाले, काठी घेऊन हिंडू लागले. पण फोन का लागला नाही, हे काही माझ्या मनातून जाईना. मी ज्याला-त्याला विचारत सुटलो. एक म्हणाला, “तुमच्याकडं नेटवर्कच नाही.” दुसरा म्हणाला, “रेंज कमी पडते.” भाचा म्हणाला, “मामा, तुमचं वाय-फाय वीक आहे.” मेहुणे म्हणाले, “नेट स्लो असणार, मोठा प्लॅन घ्या.” आणि दुकानदार म्हणाला, “बूस्टर बसवा, विषय संपला.” पाच माणसं, पाच शब्द, आणि पाचही जण असं बोलत होते की जणू हे सगळे एकाच गोष्टीचे पर्याय आहेत. मी मेहुण्यांचं ऐकलं आणि महिना दुप्पट पैशांचा प्लॅन घेतला. त्या खोलीत फोन पूर्वीइतकाच लागत नव्हता. मग मात्र मी आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठलं. त्यांनी मला जे शिकवलं आणि नंतर मी स्वतः घरात हिंडून जे मोजलं, ते आज आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की मोबाइलचा सिग्नल वेगळा, वाय-फाय वेगळं आणि इंटरनेट वेगळं. आपल्या भागातला शेतकरी हे लगेच समजेल, कारण त्याच्या उसाला पाणी याच रीतीनं येतं. नदीवर मोटर असते. तिथून शेतापर्यंत जमिनीखालून पाइपलाइन येते. शेतात पाट असतो, आणि पाटातून पाणी सरीत जातं. सरी कोरडी दिसली म्हणून कोणी शहाणा शेतकरी लगेच पाट उकरत बसत नाही. आधी मोटर चालू आहे का बघतो, मग पाइप कुठं फुटला का बघतो. इंटरनेट म्हणजे ते पाणी. घरापर्यंत आलेली फायबरची तार म्हणजे पाइपलाइन. वाय-फाय म्हणजे केवळ आपल्या शेतातला पाट. फोनवर वाय-फायचा पंखा पूर्ण भरलेला दिसतो आणि तरी पान उघडत नाही, असा अनुभव आपल्याला असेलच. याचा अर्थ पाट उत्तम आहे; पाणी मात्र मागंच अडलं आहे. तिथं नवा राउटर घेणं म्हणजे पाइप फुटलेला असताना पाट रुंद करणं.

हे मी उगाच सांगत नाही. डोंगराकडच्या एका तालुक्यातल्या शाळेचे गुरुजी मला भेटले होते. त्यांनी लोकवर्गणीतून दोन वर्षांत तीन राउटर घेतले, एकापेक्षा एक महाग. नेट काही टिकेना. शेवटी कळलं, की ओढ्याजवळ रस्त्याच्या खोदाईत फायबर वारंवार तुटत होती. तार जिथं घरात शिरते त्या डबीवर इंग्रजीत एल-ओ-एस अशी तीन अक्षरं असतात. त्यांच्यापाशी लाल दिवा लागला, की बाहेरून प्रकाशच येत नाही असं समजावं. तो दिवा दोन वर्षं अधूनमधून लागत होता आणि सगळे बघत होते. त्या तीन अक्षरांचा अर्थ कोणी सांगितला असता, तर गावाची वर्गणी वाचली असती.

आता मोबाइलचा सिग्नल. हा आपल्या पाटाचा भागच नव्हे; हा आभाळातून पडणारा पाऊस म्हणा. कंपनीच्या मनोऱ्यावरून लहरी निघतात, त्या थेट आपल्या फोनपर्यंत येतात. साधा फोन लावायचा तर घरातल्या राउटरशी त्याचा काही संबंध नसतो. माझा वाढीव प्लॅन का फुकट गेला, ते आता आपल्या ध्यानात आलं असेल.

या ‘रेंज’ शब्दाची मला गंमत वाटते. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ पल्ला. गोफणीचा असतो तसा. पल्ला असतो मनोऱ्याचा. पण आपण मराठीत म्हणतो, रेंज आली, रेंज गेली, तिकडं चिंचेखाली जा म्हणजे रेंज मिळेल. पावसाला आणि विजेला जी क्रियापदं लावतो, तीच आपण तिला लावली. कारण तीही त्यांच्यासारखीच आपल्या हातात नाही, असं आपण धरून चालतो. ‘वाय-फाय’ची तऱ्हा आणखी निराळी. १९९९ साली व्यापारासाठी बनवलेलं ते एक नाव आहे. त्याचा विस्तार करून जो अर्थ सांगतात तो मागाहून चिकटवलेला. तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याचा ‘फुल फॉर्म’ पाठ करण्याची मुळीच गरज नाही.

घरात शिरताना या लहरींचं काय होतं, हे रेडिओच्या श्रोत्यांना सांगायला मला फार कष्ट पडणार नाहीत. सांगलीचं केंद्र आपण वर्षानुवर्षं मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झवर ऐकत आलो. त्या लहरीची लांबी जवळजवळ २४० मीटर. एवढ्या लांब लहरीला आपलं घर म्हणजे वाटेतला खडा; ती त्याला सहज वळसा घालते. कोल्हापूर केंद्र एफएमवर १०२.७ मेगाहर्ट्झवर लागतं. त्याची लहर तीन मीटरांहून किंचित कमी, म्हणजे साधारण एका खोलीएवढी. म्हणून एफएमचा रेडिओ आतल्या खोलीत खरखरतो आणि खिडकीत नेला की सुधारतो. मोबाइलच्या लहरी याहून कितीतरी आखूड. सातशे मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर, म्हणजे हातभर. साडेतीन हजार मेगाहर्ट्झची साडेआठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी जास्त. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या देशात पाच-जी सुरू झालं, ते बऱ्याच अंशी या आखूड लहरींवर चालतं. साधारण नियम असा, की लहर जितकी आखूड तितकी ती माहिती जास्त वाहून नेते, पण भिंतीला तितकीच लवकर दमते. बाहेर अंगणात पाच-जी दिसतं आणि उंबरा ओलांडला की चार-जी होतं, ते यामुळं. फोन बिघडलेला नसतो.

बिनतारी लहरी भिंतीतून जातात हे जगाला दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांत आपलाच एक माणूस होता. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी प्रयोग केला. त्यांनी सोडलेल्या लहरी समोर बसलेल्या नायब गव्हर्नरांच्या अंगातून आणि मधल्या भिंतींतून पलीकडच्या खोलीत गेल्या; तिथं घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडाला. लोक थक्क झाले. आज आपण त्याच भिंतीपाशी येऊन लहर पलीकडं का जात नाही म्हणून तक्रार करतो आहोत!

जाते, पण प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. लाकडी फळी, प्लायवूड, कोरडी कुडाची भिंत यांचा कर थोडा. भाजक्या विटेची भिंत त्याहून जास्त घेते. दगडी रुंद भिंत आणि सळया घातलेलं काँक्रीट फारच घेतं. पत्रा तर लहरीला आत येऊच देत नाही, आरशासारखा परत पाठवतो. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये दार-खिडकीपाशी फोन लागतो आणि मधोमध लागत नाही. पाणीही लहर शोषून घेतं. गच्चीवरची भरलेली टाकी, ओली भिंत, भिजलेली झाडी, इतकंच काय, गर्दीनं भरलेला हॉल, हे सगळे अडथळेच. माणसाच्या अंगात पाणीच जास्त. आणि एक अडथळा नव्यानं आला आहे तो दिसतच नाही. शहरातल्या नव्या दुकानांना, ऑफिसांना ऊन आत येऊ नये म्हणून खास काचा बसवतात. त्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. उजेड आत येतो, पण सिग्नल बाहेर राहतो. चकचकीत काचेच्या ऑफिसातला साहेब फोन घेऊन जिन्यात का उभा असतो, याचं उत्तर पुष्कळदा त्या काचेत सापडतं.

हा कर मोजतात डेसिबल नावाच्या मापानं. नावाला भिऊ नये. दहा डेसिबल गेले म्हणजे सिग्नलचा दहावा हिस्सा उरला. वीस गेले म्हणजे शंभरावा, तीस गेले म्हणजे हजारावा. आपल्या फोनवर ज्या चार-पाच काड्या दिसतात त्यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. एका कंपनीच्या फोनवर तीन काड्या दिसतात तिथं दुसऱ्यावर दोन दिसतील. त्यापेक्षा बऱ्याच फोनांत सेटिंगमध्ये जाऊन, फोनविषयीच्या माहितीत ‘सिम स्टेटस’ म्हणून एक जागा असते, ती उघडावी. तिथं सिग्नलचा आकडा मिळतो, आणि तो उणे असतो. त्याचा अर्थ थंडीसारखा घ्यावा. शून्याखाली दहा ही थंडी शून्याखाली चाळीसपेक्षा बरी. तसंच उणे ८० हा सिग्नल उणे ११० पेक्षा बरा. चार-जी फोनवर उणे ९० च्या आसपास काम नीट चालतं. उणे ११० च्या खाली गेलं की रडारड सुरू होते.

मी एका रविवारी फोन आणि कागद घेऊन आमच्या घरात हिंडलो. पुढच्या दारात आकडा आला उणे ७८. माजघरात उणे ९४. आणि वडील जिथं पडले होते त्या जागी उणे ११८. दारापासून तिथपर्यंत पंधरा पावलं. चाळीस डेसिबलचा फरक, म्हणजे दारात जेवढा सिग्नल होता त्याचा दहा हजारावा हिस्सा. एका अंगाला आजोबांची दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला आमचं नवं काँक्रीट, वर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी आणि भिंतीला लागून लोखंडी कपाट. चारी बाजूंनी नाकेबंदी आम्हीच करून ठेवली होती, आणि बोलत होतो टॉवरला.

आकडा कळल्यावर उपाय शोधता येतो. पण उपायांच्या नावांतही असाच घोळ आहे, आणि तिथंच पैसे जातात. आधी ‘बूस्टर’ किंवा ‘रिपीटर’ या शब्दांकडं बघू, कारण एकाच नावाच्या दोन भलत्याच वस्तू बाजारात आहेत. एक रिपीटर असतो वाय-फायचा. तो आपल्या राउटरचा सिग्नल पकडून पुढं फेकतो. तो कोणीही बसवावा. दुसरा असतो मोबाइलच्या सिग्नलचा: गच्चीवर ॲन्टेना, खाली डबा, आतल्या खोलीत दुसरा ॲन्टेना. हा दुकानदार गुपचूप विकतात आणि माझ्याही गळ्यात मारत होते. परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज इतर कोणी हे यंत्र बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे. १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये तसं होतं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही बिनतारी उपकरण बाळगायला अधिकारपत्र लागतं असंच आहे. जुन्या श्रोत्यांना रेडिओचं लायसन आठवत असेल, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून आणावा लागे. ती लायसनं याच कायद्याखालची. रेडिओवरचा तो जाच सुटला तो बराच झाला. पण हा बूस्टरवरचा निर्बंध जाच नव्हे. रेडिओ फक्त ऐकतो; बूस्टर बोलतो. स्वस्तातला बूस्टर आपल्या घरातून मनोऱ्याकडं इतका गोंगाट पाठवतो, की मनोऱ्याला दुसऱ्यांचे फोन ऐकूच येत नाहीत. आपल्या एका खोलीत रेंज आली आणि आळीतल्या दहा घरांची गेली, असं होतं. आणि त्या दहा घरांपैकी एखाद्या घरात कोणी पडलेलं असू शकतं.

मोबाइलचा सिग्नल घरात शिरत नसेल तर कायदेशीर आणि स्वस्त तोड एकच, ती म्हणजे ‘वाय-फाय कॉलिंग’. २०१९ च्या डिसेंबरपासून ही सोय आपल्या देशात मिळू लागली. फोनमध्ये एक कळ असते, ती चालू करावी लागते. फोन आणि कंपनी दोन्हींनी ती दिलेली हवी. मग आपला नेहमीचाच नंबर, नेहमीचाच फोन, पण बोलणं मनोऱ्याऐवजी घरातल्या वाय-फायवरून तारेत जातं. आभाळातला पाऊस पडेना, म्हणून पाटाचं पाणी घेतलं. आता मात्र पाट त्या खोलीपर्यंत जायला हवा, आणि आमचा राउटर होता पुढच्या सोप्यात, दगडी भिंतीच्या अलीकडं.

राउटर म्हणजे घरातली पाणी वाटणारी टाकी. त्यातून बहुधा दोन जातींच्या लहरी निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, तिच्या निम्म्याहूनही थोडी आखूड. फोनमध्ये घराच्या वाय-फायची दोन नावं दिसतात, एकापुढं ‘५जी’ असं लिहिलेलं. त्याचा मोबाइलच्या पाच-जीशी काडीचा संबंध नाही. ते पाच गिगाहर्ट्झचं पाच, आणि मोबाइलचं पाच म्हणजे पाचवी पिढी. या एका अक्षरानं किती लोकांना चकवलं असेल! त्याच खोलीत बसायचं असेल तर पाचवाली लहर घ्यावी, ती वेगवान. भिंतीआड जायचं तर २.४ वाली, ती हळू, पण चिवट. शेजाऱ्यांचे राउटर, बिनतारी हेडफोन, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ही सगळी मंडळी २.४ च्या वाटेवर गर्दी करतात, हा तिचा दोष.

भाच्यानं सुचवलं तसा मी आधी वाय-फायचा रिपीटर लावून पाहिला. पण जिथं राउटरचंच ऐकू येत नाही तिथं रिपीटर काय सांगणार? तो लावायचा तर अर्ध्या वाटेत, चांगला सिग्नल असेल तिथं. आणि तो एकाच तोंडानं ऐकतो आणि बोलतो, त्यामुळं वेग पुष्कळदा निम्म्यावर येतो. ‘मेश’ म्हणून जे विकतात ते अशाच दोन-तीन डब्यांचं, एका नावानं चालणारं, शहाणं कुटुंब. मोठ्या बंगल्याला ते ठीक. शेवटी आमच्या घरात उपयोगी पडली ती तार. राउटरपासून खिडकीच्या चौकटीतून एक लॅन केबल मधल्या खोलीत नेली आणि तिच्या टोकाला ‘ॲक्सेस पॉइंट’ बसवला. ॲक्सेस पॉइंट म्हणजे तारेतून आलेलं इंटरनेट हवेत सोडणारी डबी, इतकंच. तांब्याची ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनधोक नेता येते. एवढ्यात आपल्याकडचं कोणतंही घर आणि पुष्कळशा शाळा बसतात.

बिनतारी म्हणतो आपण, पण खरं बघितलं तर शेवटचे वीस-पंचवीस हातच बिनतारी असतात. मागं सगळी तार आहे. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सुमारे सत्तर गावांत, साखर कारखान्याच्या सहकारातून, संगणक बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचं नावच मुळी ‘वायर्ड व्हिलेज’. ऊस किती गेला, वजन किती भरलं, हे शेतकऱ्याला गावातच कळावं हा हेतू. पुढं २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संशोधकांनी संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं, आणि ते चाललं. कारण शेतकऱ्याला हवे होते चार आकडे, आणि चार आकड्यांना रुंद पाइप लागत नाही. हे अजूनही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. सिग्नल इतका क्षीण असतो की बोलणं होत नाही, नेट तर नाहीच, तिथूनही पुष्कळदा एसएमएस निघतो. वडिलांना मी आता तो एका बोटानं पाठवायला शिकवला आहे. त्यांचा शब्द एकच ठरलेला आहे: ‘ये’.

पाइपच्या रुंदीवरून आठवलं. प्लॅनवर जो ४० किंवा १०० एमबीपीएस असा आकडा छापतात, तो बिटांचा असतो. आपण फाइल मोजतो ती बाइटांत. एका बाइटात आठ बिट. तेव्हा ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला पाच मेगाबाइट. विक्रेता खोटं बोलत नसतो, पण भागाकार आपल्यावर सोडतो.

मोठ्या इमारतींचा प्रश्न थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाचा मुलगा पुण्यात घर घेत असेल, कोणी गावात मंगल कार्यालय किंवा दवाखाना बांधत असेल. तिथं कंपन्या ‘इन-बिल्डिंग सोल्यूशन’ बसवतात. बाहेरचा सिग्नल किंवा तारेतून आलेला सिग्नल इमारतीत अनेक लहान लहान ॲन्टेनांना वाटून देतात. मांडवात एकच मोठा कर्णा लावण्याऐवजी जागोजागी छोटे स्पीकर लावावेत, तसं. त्यालाच इंग्रजी आद्याक्षरांनी ‘डास’ म्हणतात. नाव ऐकून कोणी हसू नये. छोट्या ॲन्टेनाऐवजी छोटा मनोराच आत ठेवला तर तो ‘स्मॉल सेल’. यात महत्त्वाची गोष्ट ही, की केबल नेण्यासाठी नळ्या आणि डबीसाठी जागा बांधकामाच्या वेळीच सोडावी लागते. विजेच्या आणि पाण्याच्या नळ्यांची आपण चौकशी करतो. हिची कोणी करत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं, इमारतींना अशा जोडणीवरून तारे देण्याचे नियम काढले. मालकानं अर्ज केला तर तपासणी होऊन तारे मिळतात. सक्ती नाही. पण फ्लॅट बघायला जाताना बिल्डरला हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आणि तेही जमलं नाही तर लिफ्टमध्ये, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आणि आतल्या झोपायच्या खोलीत उभं राहून फोनमधला उणे आकडा बघावा. त्याला पैसे पडत नाहीत.

शिक्षक मित्रांना एक सुचवावंसं वाटतं. सातवी-आठवीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढायला लावा आणि फोन घेऊन प्रत्येक खोलीत, व्हरांड्यात, पटांगणात आकडा मोजायला लावा. जागा एकच पण दार उघडं आणि दार बंद. कपाटाच्या पुढं आणि कपाटाच्या मागं. खोली रिकामी आणि खोली मुलांनी भरलेली. भिंत कशाची आहे तेही लिहायला सांगा. उणे संख्या, सरासरी, नकाशा आणि लहरी एवढं सगळं एका तासात होतं, आणि शाळेचा राउटर कुठं हवा याचं उत्तर मुलंच देतात. बहुतेक शाळांत तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, कुलूपबंद असतो. सुरक्षिततेच्या दृष्टीनं ते योग्य असेल. लहरींच्या दृष्टीनं ती कोठडी आहे.

राहता राहिली वीज. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की वाय-फाय कॉलिंग बंद. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वीज गेल्यावर फोन कसा हळूहळू मुका होत जातो, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. म्हणून फायबरच्या डबीला, राउटरला आणि त्या मधल्या खोलीतल्या ॲक्सेस पॉइंटला मी छोट्या बॅटऱ्या जोडल्या. दोन-तीन तास निघतात. लोखंडी कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं. मोठा प्लॅन बंद करून जुनाच घेतला.

वडील अजून त्याच खोलीत झोपतात. खोली बदला म्हटलं तर ऐकत नाहीत. रोज रात्री जेवण झालं, की ते आतून मला फोन लावतात. मी बाहेर सोप्यात बसलेला असतो, त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आणि फोनमधून असा दोन्हीकडून येतो. ते विचारतात, “लागला का रे?” मी म्हणतो, “लागला.” ते म्हणतात, “मग ठेव.”